जुनी कथा, नवा हात: कुणी, किती आणि कसं बदलावं?

निळी दौत

दोन तक्रारी हल्ली सारख्या ऐकू येतात. एक, "जुन्या पुस्तकांची मोडतोड चालली आहे." दुसरी, "नवं काही कुणाला सुचतच नाही, जो तो जुन्याचीच रूपांतरं करत बसलाय." बहुतेक वेळा एकच माणूस या दोन्ही तक्रारी एका दमात करतो. पण या गोष्टी दोन आहेत आणि त्यांची एकत्र मोट बांधली की चर्चा भरकटते. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जुनी कथा घ्यावी आणि स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा लिहावी. त्याला मी कसलीही मर्यादा घालणार नाही. शेवट फिरवा, नायकाला खलनायक करा, काळ बदला, पात्रं गाळा. पण जुन्याच लेखकाच्या नावाखाली त्याचा मजकूर गुपचूप बदलायला माझा विरोध आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

हा फरक आपल्याकडे एकनाथांनी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वच्छ करून ठेवला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होता होता तिच्यात चुका शिरल्या, कुणाकुणाच्या पदरच्या ओव्याही शिरल्या. शके १५०६ मध्ये नाथांनी प्रती शोधून पाठ शुद्ध केला आणि शेवटी सरळ बजावलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो वोवी करील मराठी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

म्हणजे ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असं समजा.

हे बजावणारा माणूस स्वतः काय करत होता ते पाहा. भागवताचा अकरावा स्कंध घेऊन त्यांनी आपलं भागवत लिहिलं. भागवतातलाच रुक्मिणीच्या लग्नाचा प्रसंग घेऊन अख्खं आख्यानकाव्य उभं केलं. रामकथा नव्याने सांगायला घेतली. म्हणजे जुन्याला हात लावू नये असं त्यांचं मत मुळीच नव्हतं. आपलं ते "एका जनार्दनी" या आपल्या नाममुद्रेने सांगायचं आणि ज्ञानदेवांचं ते ज्ञानदेवांचं ठेवायचं, एवढाच त्यांचा आग्रह. आणि ज्ञानेश्वरी तरी काय आहे? गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या. इतकं मोकळेपणाने केलेलं पुनर्लेखन दुसरं शोधून सापडायचं नाही.

आता शकुंतला. आपल्या डोक्यात आहे ती कालिदासाची: दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, कोळ्याला सापडलेला मासा. महाभारताच्या आदिपर्वात यातलं काही नाही. तिथली शकुंतला गांधर्वविवाहाला तयार होण्याआधी अट घालते, की माझा मुलगाच युवराज झाला पाहिजे. पुढे मुलाला घेऊन ती दरबारात येते. दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख नाकारतो. मग ती भर सभेत राजाला सुनावते:

राजन् सर्षपमात्राणि परच्छिद्राणि पश्यसि ।
आत्मनो बिल्वमात्राणि पश्यन्नपि न पश्यसि ॥

दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असूनही दिसत नाहीत. आकाशवाणी झाल्यावर राजा म्हणतो, मला ठाऊक होतंच, पण लोकांना शंका राहू नये म्हणून असं वागलो.

कालिदासाने शाप आणला आणि राजाचा गुन्हा त्याच्या माथ्यावरून उतरवला. खोटं बोलणारा राजा विसरलेला राजा झाला. शकुंतलेची अट गेली, तिची धारही बोथट झाली. त्या बदल्यात आश्रमातून निघतानाचा चौथा अंक आला, आणि तसा जगात दुसऱ्या कुणाला लिहिता आलेला नाही. मला स्वतःला आदिपर्वातली शकुंतला जास्त आवडते. पण कालिदासाने तसं लिहायलाच नको होतं, असं मी म्हणणार नाही. त्याने व्यासांचं पान फाडलं नाही, शेजारी आपलं पान ठेवलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये कालिदासाच्या शेजारी आपली पदं ठेवली, तेव्हाही तेच झालं.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं आवर्जून यावीत.

उपान्त्य

पूर्ण सहमत. वाचतोय.

रंगपट

धाग्याबद्दल आभार. नाटकवाल्यांना हा विषय रोजचाच. आमच्याकडे छापील संहिता आणि रंगावृत्ती या दोन गोष्टी पहिल्यापासूनच वेगळ्या असतात. तालमीत वाक्यं कापली जातात, प्रवेश पुढेमागे होतात, दोन पात्रांचं एक होतं. त्याला कुणी मोडतोड म्हणत नाही.

पण सही हा तुमचा निकष पुरेसा आहे का, याबद्दल मला शंका आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चं उदाहरण घ्या. शेक्सपिअरच्या आधी त्याच राजाचं एक जुनं नाटक होतं. ते १६०५ मध्ये छापलं गेलं. त्याचा शेवट गोड आहे: राजाला राज्य परत मिळतं, धाकटी मुलगी जिवंत राहते. शेक्सपिअरने तो शेवट उलटा केला आणि म्हाताऱ्याच्या हातात लेकीचं प्रेत दिलं. प्रेक्षकांना ते सोसवेना. १६८१ मध्ये नेहम टेट या नाटककाराने पुन्हा गोड शेवट लावला. त्यात ती धाकटी मुलगी कॉर्डेलिया जगते, तिचं एडगरशी लग्न ठरतं, विदूषक तर नाटकातून हद्दपारच. टेटने हे लपवलं नव्हतं, मुखपृष्ठावर फेरफार आपले असल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे तुमच्या निकषात तो अगदी बसतो.

आणि तरीही पुढची जवळपास दीडशे वर्षं इंग्रजी रंगभूमीवर टेटचाच लिअर चालला. दुःखान्त शेवट १८२३ मध्ये एडमंड कीन या नटाने करून पाहिला. शेक्सपिअरची संहिता विदूषकासकट परत आणली ती मॅक्रेडी या नटाने, १८३८ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी आयुष्यभर नाटकं पाहिली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना खरा शेवट रंगमंचावर दिसलाच नाही. सही असून काय उपयोग झाला?

याच्या उलट शिरवाडकर. १९७० मध्ये 'नटसम्राट' आलं, तेव्हा त्यांनी लिअरचं राज्यच काढून घेतलं. राजाच्या जागी निवृत्त नट, तीन मुलींच्या जागी एक मुलगा आणि एक मुलगी. कॉर्डेलिया नाही. तिची माया आणि राजाला खरं ऐकवणाऱ्या विदूषकाचा शहाणपणा, दोन्ही त्या नटाच्या बायकोकडे, कावेरीकडे आले, असं मला ती संहिता वाचताना नेहमी वाटतं. आणि नायक बेलवलकर नट असल्यामुळे शेक्सपिअरची स्वगतं त्याच्या तोंडी उसनी वाटत नाहीत. त्याने ती आयुष्यभर म्हटलेलीच असतात. ही युक्ती इतकी चपखल आहे की 'नटसम्राट' पाहताना लिअर ठाऊक असण्याची गरजच पडत नाही, आणि ठाऊक असेल तर दुप्पट मिळतं. उत्तम रूपांतराची खूण मी यालाच म्हणतो.

निळी दौत

@रंगपट, टेटचं उदाहरण बिनतोड आहे. पण मॅक्रेडीला मूळ संहिता परत आणता आली ती कशामुळे? ती छापलेली होती म्हणून. टेटने मंच बळकावला, पुस्तक नाही. म्हणून माझ्या म्हणण्यात भर घालते: बदलणाऱ्याचं नाव हवं, आणि जुनं लोकांच्या हाताला लागेल असं शिल्लकही हवं.

मधली ओळ

मला मूळ गृहीतकावरच आक्षेप आहे. 'जुन्या लेखकाचा मजकूर' असं आपण म्हणतो, तेव्हा असा एक ठाम मजकूर कुठेतरी आहे असं धरून चालतो. बहुतेक मोठ्या ग्रंथांच्या बाबतीत तो नसतोच.

लिअरचंच पाहा. १६०८च्या छापील प्रतीत सुमारे तीनशे ओळी अशा आहेत, ज्या १६२३च्या संग्रहात नाहीत. १६२३च्या प्रतीत शंभरेक ओळी नव्या आहेत. नाटकाची शेवटची वाक्यं एका प्रतीत ऑल्बनीच्या तोंडी, दुसरीत एडगरच्या. मॅक्रेडीने परत आणला तो यातला कुठला शेक्सपिअर? कालिदासाचं शाकुंतलही बंगाली, देवनागरी, काश्मिरी अशा निरनिराळ्या पाठपरंपरांत मिळतं आणि त्यांच्यात फरक आहेत.

महाभारताबद्दल तर बोलायलाच नको. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये संशोधित आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते पुरं व्हायला १९६६ उजाडलं. सुकथनकरांसारख्या संपादकांनी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या हस्तलिखितांचे श्लोक शब्दाशब्दाने ताडून पाहिले. त्यातून काय निघालं? व्यासांचा लेखनिक झालेला गणपती मुख्य पाठात नाही. स्वयंवरात द्रौपदी "मी सूताला वरणार नाही" म्हणते, ते मुख्य पाठात नाही. मयसभेतलं "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे वाक्य नाही. आपण लहानपणापासून ज्याला महाभारत म्हणत आलो, त्यातला केवढा तरी भाग नंतरच्या अनाम हातांनी लिहिलेला आहे. त्यांनी सही केली नाही. व्यासांच्याच नावाखाली घातलं, अगदी गुपचूप. म्हणजे तुमच्या निकषाने ही सगळी नरोटी. मग कर्णाचा तो अपमान काढून टाकायचा का? अर्ध्या मराठी वाचकांचा कर्ण त्या एका वाक्यावर उभा आहे.

वाचनवेडी

@मधली ओळ, अगदी! आणि १९६७ या एकाच वर्षी मराठीत शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' अशी दोन्ही पुस्तकं आली. एकात कर्ण स्वतःच्या तोंडाने आपली बाजू मांडतो आणि वाचक त्याच्यासाठी रडतो. दुसऱ्यात इरावतीबाई त्याच कर्णाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहतात. त्यांचा भर संशोधित पाठावर, सावंतांचा भर लोकांच्या मनातल्या कर्णावर. मला दोन्ही पुस्तकं हवीत. एकाच घरात हवीत.

निळी दौत

@मधली ओळ, हा आक्षेप येणार हे ठाऊक होतं आणि तो आला याचा आनंद आहे.

अनेकांच्या तोंडून वाढलेला ग्रंथ आणि एका माणसाने लिहून, तपासून छापायला दिलेला ग्रंथ यांना एकच माप लावता येत नाही, हे मान्य. महाभारतात भर घालणाऱ्याला आपण दुसऱ्याच्या मजकुरात ढवळाढवळ करतोय असं वाटतही नसणार. कथा सांगणं म्हणजे ती वाढवणंच, अशी ती रीत होती.

पण तुमच्याच उदाहरणातली पुढची गोष्ट पाहा. भांडारकर आवृत्तीच्या संपादकांनी गणपती काढला म्हणजे फेकून दिला का? नाही. मुख्य पाठातून वगळलेला श्लोक न् श्लोक तळटीपांत किंवा परिशिष्टांत छापला आहे, कुठल्या हस्तलिखितात तो आहे आणि कुठल्यात नाही याच्या खुणांसकट. आदिपर्वाचं कुठलंही पान उघडा. वर चार-पाच श्लोक आणि खाली अर्ध्याहून जास्त पानभर बारीक अक्षरात पाठभेद. त्यांचा निर्णय ज्याला पटत नाही, तो खालच्या ओळी वर घेऊन वाचू शकतो. मूळ सापडेल की नाही हा वेगळा वाद, पण आपण काय केलं ते वाचकापासून लपवायचं नाही, ही रीत मला फार मोलाची वाटते.

ज्ञानेश्वरीचंही तसंच आहे. नाथांच्या पाठाने समाधान न झालेल्या इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथांपूर्वीची म्हणून एक वेगळी प्रत छापली. तिच्यावर वाद झाले, पण दोन्ही पाठ आपल्यापुढे आहेत.

पुस्तकघर

मी मुलांच्या वाचनालयाचं काम पाहते, त्यामुळे मला हा प्रश्न रोजच्या व्यवहारात पडतो. तुमची चर्चा वाचताना एक गोष्ट खटकली. सगळी उदाहरणं मोठ्यांच्या साहित्यातली आहेत. मुलांचं साहित्य बदलत राहिलं म्हणूनच टिकलं.

ग्रिम बंधूंच्या परीकथा घ्या. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत स्नोव्हाइटचा जीव घ्यायला निघते ती तिची सख्खी आई. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलची आईही अशीच पुढे सावत्र झाली. रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत म्हातारीला निरागसपणे विचारते, माझे कपडे घट्ट का होत चाललेत? वाचणाऱ्या मोठ्या माणसाला लगेच कळतं की तिला दिवस गेले आहेत. नंतरच्या आवृत्त्यांत ती विचारते, तुम्हाला वर ओढताना राजपुत्रापेक्षा जड का वाटतं? सात आवृत्त्या निघाल्या, शेवटची १८५७ची, आणि दर वेळी फेरफार झाले. मुलं वाचणार म्हटल्यावर ते होणारच.

आता मुलांसाठी लिहिणारे इंग्रजी लेखक रोआल्ड डाल. २०२३ मध्ये प्रकाशकाने त्यांच्या पुस्तकांतले शेकडो शब्द बदलले, जाड मुलाला जाड म्हणणारा शब्दही काढला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. पण मी मुलांसमोर बसते. वर्गातल्या एखाद्या अंगाने भरलेल्या मुलाकडे बाकीची पोरं त्या पानावर कशी वळून बघतात, ते मी पाहिलं आहे. मोठ्याने वाचून दाखवताना मी काही शब्द गाळते. गाळत राहीन. समोरचं मूल मला पुस्तकापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि हे मी कुणापासून लपवत नाही.

अर्धविराम

@पुस्तकघर, तुमच्या बाजूने एक पुरावा देतो. डाल यांनी स्वतःच आपलं पुस्तक बदललं होतं. चॉकलेटच्या कारखान्याची कादंबरी १९६४ मध्ये आली, तेव्हा त्यातले ऊम्पा-लूम्पा हे आफ्रिकेतून आणलेले काळे बुटके लोक होते. त्यावर टीका झाली आणि १९७३च्या आवृत्तीत डाल यांनी त्यांचं रूप पार पालटलं. आज आपण वाचतो ती ही दुसरी आवृत्ती.

मेरी शेलींनी 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ मध्ये छापलं आणि १८३१ मध्ये त्यात पुष्कळ फिरवाफिरव केली. पहिल्या पुस्तकातला नायक व्हिक्टर आपल्या निवडीने बिघडतो, दुसऱ्यातला नशिबाच्या फेऱ्यात जास्त अडकलेला वाटतो. डिकन्सने एका मित्राच्या सांगण्यावरून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट छापण्याआधीच बदलला, आणि पहिला शेवट आजही आवृत्त्यांच्या मागे परिशिष्टात असतो. अगाथा ख्रिस्तींनी बेटावरच्या दहा जणांची १९३९ची कादंबरी १९४३ मध्ये रंगमंचावर आणली, तेव्हा दोघांना स्वतःच जिवंत ठेवलं.

लेखकाला हा हक्क आहे यावर दुमत नसावं. प्रश्न त्याच्या पश्चात सुरू होतो.

निळी दौत

@पुस्तकघर, तुम्ही वाचताना शब्द गाळता, याबद्दल मला आदरच वाटतो. समोर कोण बसलंय ते पाहून सांगणं ही कथा सांगणाऱ्याची जुनी रीतच आहे. पण तुम्ही गाळलेला शब्द पुस्तकात राहतो. तेच मूल मोठं होऊन ते पान उघडेल, तेव्हा त्याला तो दिसेल, आणि त्यावर त्याला रागावता येईल किंवा विचार करता येईल. प्रकाशकाने बदलला की तो कायमचा गेला, आणि वर नाव डाल यांचंच. त्यांनी न लिहिलेलं वाक्य त्यांच्या नावावर खपतं, याला मी खोटेपणा म्हणते.

त्या वेळी आणखी एक गोष्ट झाली, तिने मी जास्त अस्वस्थ झाले. ज्यांनी ई-पुस्तक आधीच विकत घेतलं होतं, त्यांच्या यंत्रावरही नवा मजकूर आपोआप उतरल्याच्या बातम्या आल्या. आरडाओरड झाल्यावर प्रकाशकाने जुना पाठही उपलब्ध ठेवू असं जाहीर केलं, ते योग्य केलं. पण आरडाओरड झाली नसती तर? मॅक्रेडीला जुनं पुस्तक सापडलं, कारण छापलेली प्रत कुणाच्या तरी कपाटात असतेच. प्रत एका ठिकाणीच असेल आणि तिथूनच बदलता येत असेल, तर पुढच्या मॅक्रेडीने कुठे शोधायचं?

न्यायपत्र

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण वर "हक्क" हा शब्द आला आहे.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. आधी ती मुदत ५० होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला, तेव्हा १९९२ मध्ये ती वाढवण्यात आली. रूपांतर करण्याचा हक्क या स्वामित्वहक्काचाच भाग आहे, त्यामुळे या मुदतीत परवानगी लागतेच.

पण इथल्या चर्चेला लागू पडतं ते कलम ५७. लेखकाने हक्क विकले तरी कृती आपली असल्याचं सांगण्याचा आणि आपल्या कीर्तीला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' कादंबरीवर चित्रपट निघाला, तेव्हा त्यांनी याच कलमाखाली दाद मागितली. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं त्याचा आशय असा, की माध्यम बदललं की काही बदल अटळ असतात, पण लेखकाची कृती ओळखू येणार नाही इतके ते नसावेत. पुढे त्या प्रकरणात तडजोड झाली, पण निकालाचा दाखला आजही दिला जातो.

रंगपट

@न्यायपत्र, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण लेखकाने जीव तोडून विरोध केला तरी रूपांतर आपल्या वाटेने जातं, याचं उदाहरण म्हणजे शॉ यांचं 'पिग्मॅलियन'. फुलं विकणाऱ्या एलायझाने तिला उच्चभ्रू बोलणं शिकवणाऱ्या हिगिन्सशी लग्न करायचं नाही, यावर ते हट्टाने अडून होते. १९१४ मध्ये लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेल्या नटाने शेवटी तिच्याकडे फुलं भिरकावून प्रेमाचा इशारा दिला, तेव्हा ते संतापले. पुढे त्यांनी लांबलचक पुरवणी लिहून तिचं लग्न तिच्यावर प्रेम करणाऱ्या फ्रेडीशी लावून टाकलं. तरीही १९३८चा चित्रपट ती हिगिन्सकडे परत येते तिथेच संपतो.

गंमत अशी की शॉ स्वतः रोमन कवी ओव्हिडच्या जुन्या कथेचं रूपांतरच करत होते. त्या कथेत शिल्पकाराचं आपण घडवलेल्या पुतळ्याशी लग्न होतं. प्रेक्षकांना हवा होता तो शेवट दोन हजार वर्षांपूर्वीचा.

पु.लं.नी १९७५ मध्ये याच नाटकावरून 'ती फुलराणी' आणली, तेव्हा त्यांच्यापुढे खरा पेच भाषेचा होता. मूळ नाटकाचा सगळा डोलारा लंडनच्या उच्चारांवर उभा. त्यांनी इंग्रजी उच्चारांची नक्कल न करता मराठी बोलण्यातली वरची-खालची पायरी शोधली आणि एलायझाच्या जागी आलेल्या मंजुळेच्या तोंडी दिली. मंजुळेचं ते लांब स्वगत मुलाखतींत, स्पर्धांत पोरी आजही म्हणतात. म्हणताना शॉ कुणाच्या डोक्यात नसतात. नसू देत.

देवलांचंही सांगतो. 'संशयकल्लोळ' इतकं आपलं वाटतं, पण ते आलंय मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या १७६१च्या नाटकावरून, आणि मर्फीने घेतलं मोलिएरच्या १६६०च्या प्रहसनावरून. देवलांनी ते आधी १८९३ मध्ये गद्यात केलं, मग १९१६ मध्ये पदं घालून संगीतात. म्हणजे स्वतःच्या रूपांतराचंही रूपांतर.

मधली ओळ

रूपांतरात कथा बदलते, ती का बदलते हेही पाहायला हवं. माझं आवडतं उदाहरण पंचतंत्राचं. पहिल्या तंत्रात दमनक हा कोल्हा सिंह आणि बैल यांची मैत्री तोडतो, बैल मारला जातो, आणि दमनक सुखाने मंत्री म्हणून राहतो. शिक्षा वगैरे काही नाही. राजनीती अशीच चालते, हे शिकवायचं होतं.

सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो राजाच्या काळात बुर्झोय या वैद्याने हे पुस्तक पहलवी या जुन्या इराणी भाषेत नेलं. तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी अरबीत 'कलीला व दिम्ना' केलं. अरबी पुस्तकात बैलाच्या मृत्यूनंतर एक अख्खं नवं प्रकरण येतं: दिम्नावर, म्हणजे आपल्या दमनकावर, खटला भरतो, साक्षी होतात, त्याला शिक्षा होते. हे प्रकरण अल-मुकफ्फांनीच घातलं असं अभ्यासक मानतात. नव्या वाचकांना गुन्हेगार मोकळा सुटलेला चालणार नव्हता. पुढे युरोपातल्या अनेक भाषांत पुस्तक गेलं ते या अरबी वाटेने, म्हणजे खटल्यासकट.

निळी दौत, इथे तुमचे दोन्ही निकष ढिले पडतात. युरोपातल्या वाचकाला विष्णुशर्म्याचं पुस्तक हाताला लागण्यासारखं नव्हतंच. त्याच्यापुरतं मूळ नाहीसंच झालं होतं. तरी या प्रवासाला वाईट म्हणायला माझं मन धजत नाही.

निळी दौत

माझंही धजत नाही. अल-मुकफ्फांनी विष्णुशर्म्याला गप्प केलं नाही, त्याचं पुस्तक इथे शाबूत राहिलं. त्यांनी आपल्या लोकांसाठी आपलं पुस्तक केलं. पण युरोपातल्या वाचकाबद्दलचा तुमचा मुद्दा माझ्याकडे उत्तर नसलेला आहे, तो तसाच राहू दे.

वाचनवेडी

कुणीतरी बाउडलरचं नाव काढेल म्हणून थांबले होते, मीच काढते. शेक्सपिअरची 'कुटुंबात मोठ्याने वाचता येईल' अशी ती प्रसिद्ध आवृत्ती. लेडी मॅकबेथ हातावरच्या रक्ताच्या डागाला शिवी घालते, त्या शिवीच्या जागी नुसता 'लाल डाग' आला. सगळे थॉमस बाउडलरला हसतात. पण १८०७ची पहिली आवृत्ती, वीस नाटकांची, त्याने केलेलीच नव्हती. ती केली त्याची बहीण हेन्रिएटा हिने, आणि पुस्तकावर कुणाचंच नाव नव्हतं. कुठली वाक्यं अश्लील आहेत हे अविवाहित बाईला कळतं, हे कबूल करणं त्या काळी शक्य नव्हतं. १८१८ मध्ये वाढवलेली आवृत्ती भावाच्या नावावर आली आणि नाव त्याचंच झालं.

बदलणाऱ्याची सही हवी, असं आपण म्हणतोय. सही करता येईल अशी मोकळीक प्रत्येकाला होती का, हेही विचारायला हवं.

निळी दौत

हे फार महत्त्वाचं आहे. माझ्या मांडणीत हे नव्हतं.

पुस्तकघर

मला कामापुरतं उत्तर हवं आहे. पुढच्या महिन्यात मुलांसाठी अभिजात कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या निवडायच्या आहेत. समोरच्या ढिगात निम्म्या पुस्तकांवर मूळ लेखकाचंच नाव आहे, संक्षेप कुणी केला ते कुठेच नाही. एका पुस्तकात तर संक्षिप्त आहे हेसुद्धा छापलेलं नाही. ती सरसकट बाजूला काढू का? मग मुलांना द्यायला फार थोडं उरेल.

निळी दौत

सरसकट काढू नका. ज्यांच्यावर संक्षेपकाराचं नाव आहे ती आधी घ्या, त्यात बहुधा कामही जास्त मन लावून केलेलं असतं. जिथे नाव नाही पण भाषा चांगली आहे, तिथे आतल्या पानावर तुम्हीच एक चिठ्ठी चिकटवा: 'ही छोटी केलेली गोष्ट आहे, मोठं पुस्तक अमुक कपाटात आहे.' आणि ते मोठं पुस्तक खरंच त्या कपाटात ठेवा. जे पुस्तक स्वतःला पूर्ण म्हणवतं आणि नाही, ते प्रकाशकाकडे परत पाठवा, सोबत कारण लिहून.

पुस्तकघर

चिठ्ठीची कल्पना करून बघते. मोठ्या पुस्तकांसाठी खालचा कप्पा रिकामा करावा लागेल, मुलांचा हात वर पोचत नाही.

अर्धविराम

'फ्रँकेन्स्टाइन' मोठं ठेवणार असाल तर १८१८चा पाठ असलेली आवृत्ती बघा. प्रस्तावनेत कुठला पाठ छापला आहे ते बहुधा सांगितलेलं असतं. मोठ्या मुलांपैकी एखाद्याने दोन्ही वाचले तर त्याच्याशी बोलायला मी येईन.